दोर, देह आणि कॅमेरा: नागपुरात हे जमेल का?

उजेडवाला

मंडळी, हा धागा छायाचित्रण विभागातच टाकतोय, मुद्दाम. विषय नाजूक आहे, पण चोरून बोलण्यासारखा नाही. आधीच सांगतो, इथे उघडेवाघडे फोटो टाकायचे नाहीत, मागायचे नाहीत, आणि "व्यनि (खासगी निरोप) करा" तर अजिबातच नाही.

लग्नसराईत लग्नं काढतो, पोट त्यावर आहे. उरलेल्या वेळात स्वतःसाठी एक मालिका करायची आहे. माझी एक मैत्रीण कथक करते. आमच्या बोलण्यात शिबारीचा, म्हणजे दोराने देह बांधण्याच्या जपानी पद्धतीचा विषय निघाला आणि तीच म्हणाली, करून पाहू. काष्ट्याची नऊवारी, त्यावर ज्यूटचा दोर, एका बाजूने खिडकीचा उजेड. एवढंच डोक्यात आहे.

वाचायला लागलो तर प्रकरण बरंच खोल निघालं. एदो काळात (१६०३ ते १८६८) कैद्याला दोराने जेरबंद करण्याची रीतसर विद्या होती, होजोजुत्सु. कैदी कोणत्या दर्जाचा, गुन्हा कोणता, यावर बांधणी ठरायची. या विद्येतून आणि जुन्या छापचित्रांतल्या छळाच्या प्रसंगांतून इतो सेइऊ (१८८२ ते १९६१) या चित्रकाराने प्रेरणा घेतली. आजच्या दोरकलेचा आद्य माणूस म्हणून त्याचंच नाव घेतात. योशितोशी या छापचित्रकाराचं १८८५चं एक चित्र आहे, उलटी टांगलेली गरोदर बाई. इतोने १९२१च्या सुमारास स्वतःच्या गरोदर बायकोला तसंच टांगून फोटो काढला. तो पाहून मी लॅपटॉप मिटला होता, खोटं कशाला बोलू. युद्धानंतर 'कितान क्लब' (१९४७ ते १९७५) सारख्या मासिकांतून हे चोरट्या वाटेने लोकांपर्यंत गेलं, मग रंगमंचावर आलं, आणि नोबुयोशी आराकीच्या फोटोंमुळे थेट संग्रहालयांच्या भिंतींवर.

आराकीचे फोटो पाहताना एक गोष्ट सतत जाणवते. बांधलेली बाई नजर चुकवत नाही, सरळ लेन्समध्ये पाहते. मी अनेक वर्षं त्या नजरेवर फिदा होतो. मग कळलं की कावोरी नावाच्या नृत्यांगनेने, जी २००१ ते २०१६ त्याची मॉडेल होती, २०१८ साली जाहीरपणे लिहिलं: कधी करार केला नाही, फोटो कुठे छापणार ते सांगितलं नाही, नको त्या वेळी परक्या माणसांसमोर उभं केलं. त्यानंतर ती नजर मला वेगळीच दिसायला लागली.

तर विचारायचं हे आहे. दोर कुठला, जागा कुठली, आणि आपल्या गावात हे दाखवावं का? झोडपायचं असेल तर मोकळ्या मनाने झोडपा, फक्त वाचून झोडपा.

तर्री_जास्त

सीताबर्डीत पोहे खाता खाता वाचून राह्यलो. पुढच्या प्रतिसादांसाठी जागा धरून बसलो भाऊ.

इतवारीचा_माल

दोराचं मी सांगतो, बाकीचं मला झेपत नाही.

आमच्या दुकानात जे येतं त्यातलं नायलॉन डोक्यातून काढून टाका. सरकलं की कातडी भाजतं आणि गाठ धरत नाही. काथ्या टोचतो. सुती दोराची गाठ ओढ बसली की अशी आवळते की दात लावावे लागतात. ज्यूटच घ्या, सहा मिलिमीटर, तीन पदरी, पीळ सैल असलेला. पीळ कडक असला तर दोर अंगावर बसत नाही, उभा राहतो. ज्यूटच्या कारखान्यात धागा मऊ करायला तेल मारतात, त्याचा रॉकेलसारखा वास येतो. चारआठ दिवस गच्चीवर सावलीत वाऱ्यावर टांगा. मग गॅसच्या मंद आचेवरून भरभर फिरवून वरची लव जाळा. थांबलात तर दोरच जाईल. शेवटी तळहाताला किंचित तेल लावून ओढून घ्या. एवढं केल्यावर तो हाताला रेशमासारखा नाही, पण जुन्या घोंगडीसारखा लागतो.

सात-आठ मीटरचे तुकडे करा आणि टोकांना गाठ मारा, नाहीतर उसवतं. मधोमध दुमडून वापरतात म्हणे, हे मला एका गिऱ्हाइकानेच सांगितलं होतं. काय करतो ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आज उलगडा झाला.

अवांतर: अंबाडीचा दोर गावाकडे पोळ्याच्या आधी वळतात. ताजा असला की त्याला हिरवट सोनेरी रंग असतो, फोटोत फार सुंदर दिसेल. पण बाजारात आता मिळणं कठीण.

जुनं_खोड

कला म्हणे! बाईला बांधायचं, फोटो काढायचे, वर जपानी नाव द्यायचं. आमच्या वेळी याला एकच शब्द होता आणि तो इथे लिहिता येत नाही. धागाकर्त्याने स्वतःला बांधून घेतलं आहे का कधी? नेहमी बाईच का दोरात असते आणि पुरुषच का कॅमेऱ्यामागे, याचं उत्तर द्या, मग बोलू.

तर्री_जास्त

खोड काका, पहिल्या ओळी जुन्या आणि शेवटची एकदम नवी. +१ शेवटच्या ओळीला.

श्प्रे_काठची_वऱ्हाडीण

माहेर धरमपेठ, सध्या मुक्काम बर्लिन. प्रत्यक्ष प्रयोग पाहिलेले आहेत म्हणून लिहिते.

फोटोत जे अजिबात येत नाही ते आधी सांगते: सोडणं. प्रयोग अर्ध्या तासाचा असेल तर त्यातला बराच वेळ दोर काढण्यात जातो, आणि माझ्या मते खरा प्रयोग तोच. बांधताना सगळे गाठी बघत असतात. सोडताना लोक माणसाकडे बघतात. दोर निघाला की दंडावर पिळाचे वळ दिसतात, बाई हळूहळू बोटं उघडते, खांदे पुढे घेते, आणि बांधणारा तिच्या तोंडाकडे पाहत थांबतो. ती मान हलवेपर्यंत पुढची गाठ सुटत नाही. फोटो नेमका त्याच्या आधीच्या क्षणाला थांबतो, जिथे सगळं ताणलेलं आणि देखणं असतं. म्हणून फोटोवरून या कलेबद्दल मत बनवणं मला अपुरं वाटतं, बाजूने असो की विरुद्ध.

खोड काकांच्या प्रश्नाला उत्तर: नेहमी असं नसतं. इथे बायका बांधतात, पुरुष बांधून घेतात, बायका बायकांना बांधतात, आणि स्वतःच स्वतःला बांधणारेही आहेत. दासनिया झोमर ही बॅलेतून आलेली नर्तकी दोरावर काम करते. २०११ साली ब्रुसेल्सच्या ऑपेरा हाऊसमध्ये रोमेओ कास्तेलुच्चीने वाग्नरचा 'पार्सिफाल' बसवला, त्यातल्या जादूगाराच्या अंकात दोरांनी बांधलेल्या देहांचं काम तिचं होतं. तिकीट काढून, कोट घालून आलेल्या लोकांसमोर. जपानमध्ये हाजिमे किनोको आहे, तो माणसांबरोबर झाडांमध्ये, मोकळ्या जागांत दोरांची जाळी उभारतो. त्याच्या कामात कधी देह असतो, कधी नुसता दोर.

पण काकांच्या बोलण्यात तथ्य आहे हेही मान्य. आकडे मांडत नाही, पण गॅलरीत जे टांगलं जातं त्यात बहुतेक वेळा दोरात बाई आणि लेन्समागे पुरुष, हे आजही खरं आहे.

निळी_शाई

बराच वेळ लिहू की नको करत होतो.

तुम्ही सगळे जपान, बर्लिन फिरून आलात. मी उमरेड रोडवर राहतो. आमच्या लोकांना "झाडाला बांधून मारलं" ही बातमी पेपरात वाचायला जपानला जावं लागत नाही. ढोर चोरलं म्हणून, पोरीशी बोलला म्हणून, विहिरीवर गेला म्हणून. दंड मागे, दोर छातीवरून, आणि समोर मोबाईल धरून उभी असलेली माणसं. तेही फोटोच असतात. फिरतातही खूप.

उजेडवाला भाऊंनी एका ओळीत लिहिलं आणि पुढे गेले की कैद्याच्या दर्जावर बांधणी ठरायची. मी त्या ओळीवर थांबलो. म्हणजे दोरालासुद्धा उच्चनीच होतंच की. ही कला त्यातून आली असेल तर ते सोयीने विसरून नुसता खिडकीचा उजेड बघायचा का? बंद करा असं मी म्हणत नाही. पण विदर्भात बांधलेला देह दाखवाल तर बघणाऱ्याच्या डोळ्यापुढे आधी काय येईल, ते ठरवणं तुमच्या हातात नाही.

उजेडवाला

निळी शाई, हे मला सुचलं नव्हतं आणि सुचायला हवं होतं असंही नाही म्हणत. तुम्ही लिहिलंत म्हणून दिसलं. यावर लगेच उत्तर देण्यात अर्थ नाही. एक मात्र आत्ताच पक्कं करतो: हात मागे बांधलेली चौकट मालिकेत नसेल. जपानी बांधणीत ती सगळ्यात प्रसिद्ध आहे, म्हणून ती हवीच असं काही नाही.

जुनं_खोड

निळी शाई यांना दंडवत. मला जे रागाने सांगायचं होतं ते त्यांनी शांतपणे सांगितलं.

फिजिओ_मनीषनगर

हात मागे न बांधण्याचं कारण तुम्हाला वेगळं सापडलं, माझं कारण दंडात आहे.

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून रेडियल नर्व्ह बाहेरच्या बाजूला येते. तिथे ती हाडाला अगदी लागून असते, वर मांसाची गादी फारशी नाही. हात मागे बांधून दंडावरून दोराचे वेढे घेतले आणि त्यावर वजन आलं, तर ती हाड आणि दोर यांच्यात चेपते. मग मनगट वर उचलता येत नाही, पंजा लुळा लोंबतो. दारू पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्या माणसांचं असंच होतं, ते पेशंट आमच्याकडे येतात. बरं व्हायला कधी थोडे दिवस, कधी काही महिने.

लोक पंजाचा रंग बघत बसतात. पंजा निळसर झाला तर ते रक्ताचं, त्याला थोडा वेळ मिळतो. नर्व्हचं तसं नाही. पंजा गुलाबी असताना नर्व्ह चेपलेली असू शकते, आणि मुंग्या येतीलच असंही नाही. म्हणून दर काही मिनिटांनी तिला सांगा: मनगट मागे वळव, बोटं पसर, अंगठा वर कर. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या चामडीवर मागच्या बाजूने बोट फिरवा, दोन्ही हातांना सारखं लागतं का विचारा. जरा फरक वाटला की चर्चा नको, दोर काढा. त्यासाठी बोथट टोकाची कात्री खिशात पाहिजे, टेबलावर नाही. दोर महाग आहे म्हणून कापायला कचरू नका.

मानेवर दोर नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून पाणी आणायलाही जायचं नाही. आणि मे महिन्यात नको. पंचेचाळीस डिग्रीत, बंद खोलीत, दिव्यांसमोर न हलता उभं राहिलेलं माणूस चक्कर येऊन पडतं, आणि हात बांधलेले असतील तर तोंडावर पडतं.

तर्री_जास्त

वाचनखूण साठवली. आणि खुर्चीवर हात टाकून झोपणं आजपासून बंद.

काळा_कोट

कायद्याचं कोणी काढलं नाही म्हणून थोडक्यात.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ अश्लील चित्र, फोटो, पुस्तक यांच्या विक्री-प्रसारासाठी, २९६ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्यासाठी. इंटरनेटवर टाकलंत की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७. शिवाय स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६चा कायदा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवली आणि सांगितलं की चित्र संपूर्ण पाहायचं, आजच्या समाजाच्या नजरेने पाहायचं, नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नाही. तुमची नऊवारी त्या हिशोबाने कुठेच अडकू नये. पण अडकू नये आणि कोणी तक्रार करू नये या दोन वेगळ्या गोष्टी. १९९५ची ती बुटांची जाहिरात आठवा, दोन मॉडेल आणि अजगर. निर्दोष सुटायला २००९ उजाडलं.

आणि आपल्याकडे ही लढाई जुनी आहे. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बाबासाहेब. ज्या गावात दीक्षाभूमी आहे तिथे हे सांगायला नको, तरी सांगितलं.

याहून महत्त्वाचं: न्याय संहितेचंच कलम ७७. त्यात स्पष्टीकरणच असं आहे की एखाद्या बाईने खासगी प्रसंगाचं चित्र काढायला संमती दिली, पण ते पसरवायला दिली नाही, तर पसरवणं हा गुन्हा. तुमचे फोटो त्या व्याख्येत बसोत न बसोत, करार त्याच विचाराने करा. काढण्याची संमती वेगळी, दाखवण्याची वेगळी, विकण्याची वेगळी. कावोरीचं प्रकरण जपानचं आहे, पण तिच्या तक्रारीतली अर्धी कलमं एका साध्या कागदाने टळली असती.

तिहाई

धाग्यात ज्या 'मैत्रिणी'बद्दल चाललंय ती मी. सगळे माझ्या हातांची, मानेची, अब्रूची काळजी करून राह्यले, मला कोणी काही विचारलं नाही, म्हणून खातं उघडलं.

मला हे का करायचं आहे ते ऐका. कथकात मी अनेक वर्षं अंग हलवायला शिकले. पायाला घुंगरं, हाताला मुद्रा, नजरेला दिशा. थांबायला कोणी शिकवलं नाही. समेवर येऊन क्षणभर थांबतो तेवढंच. दोरात हलायचे मार्ग एकेक करून बंद होतात आणि उरतं ते श्वास आणि डोळे. आम्ही मागच्या महिन्यात नुसता एक दोर छातीखालून कमरेपर्यंत गुंडाळून पाहिला, कॅमेरा बंद ठेवून. श्वास घेतला की दोर किंचित वर येतो, सोडला की खाली. साडीत एरवी कळत नाही, दोरामुळे दिसायला लागलं. मला तेवढं दाखवायचं आहे.

आता खोड काकांचा प्रश्न. उजेडवाल्याला मी बांधलं आहे. साहेब खांबाला टेकून उभे होते आणि पाच मिनिटांत "झालं का, झालं का" सुरू. मालिकेत तोही फोटो असेल, कॅमेरा माझ्या हातात.

निळी शाई, तुमचं वाचून मी त्या रात्री नीट झोपले नाही. माझं उत्तर तयार नाही. पण एक सांगते, मला बळी दिसायचं नाही आणि बळीची वेशभूषाही करायची नाही. हा फरक फोटोत दिसला नाही तर तो फोटो भिंतीवर लागणार नाही, आणि तो निर्णय माझा असेल. प्रदर्शनाच्या आधी तुम्ही येऊन पाहाल का? नाही म्हणालात तरी समजेन.

कागद काळा कोट म्हणतात तसा करतोय. त्यात मी एक कलम घातलंय: नावं दोन, सारख्या आकारात. खाली बारीक अक्षरात "मॉडेल" असं नाही.

निळी_शाई

येतो. आवडलं नाही तर तसं सांगीन.

श्प्रे_काठची_वऱ्हाडीण

तिहाई, हे वाचून बरं वाटलं. तुमच्या विषयाला धरून दोन कामं शोधून पाहा. मृणालिनी मुखर्जी (१९४९ ते २०१५) मागाशिवाय, नुसत्या हाताने गाठी मारून ताग-अंबाडीसारख्या तंतूंची माणसाएवढी शिल्पं करायच्या. त्यात देह नाही, पण देहाचा भास इतका की जवळ जायला संकोच वाटतो. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. दोर आणि देह म्हटलं की आपण थेट जपानला का पळतो, कोण जाणे. दुसरं, १९८३-८४चं तेहचिंग शे आणि लिंडा मोंटानो यांचं काम: दोघांच्या कमरेला आठ फुटांचा एकच दोर, वर्षभर, आणि एकमेकांना स्पर्श करायचा नाही. तिथे बांधणारा कोणी नाही, दोघंही बांधलेले.

दोरीचा_मल्लखांब

उशिरा आलो, मुलींचं शिबिर चालू होतं.

जपानला पळू नका म्हणता तर अमरावतीपर्यंत तरी या. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आली. आमच्या दोरीच्या मल्लखांबात मुलगी टांगलेल्या सुती दोरावर चढते, अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर पकडते, अढी घालते, दोर मांडीवरून, पाठीवरून, खांद्यावरून स्वतःच फिरवून घेते आणि हात सोडून आसन लावते. नियम असा की गाठ मारायची नाही. सगळं अडकणं वेढ्यांवर आणि तिच्या स्वतःच्या वजनावर. ती सुटते तीही स्वतःच. तिहाईताई, एकदा सकाळी येऊन पाहा, पाहायला पैसे लागत नाहीत.

ही आमची मुलगी आणि तुमची बांधलेली बाई एकच, असं कोणी म्हणू नका. तसं ऐकलं तर पालक उद्या मुली पाठवणार नाहीत. एवढी विनंती.

आता कामाचं. कोणी तरी पुढेमागे म्हणेल की लटकवून फोटो काढू. सभागृहाच्या किंवा घराच्या छताचं हुक पंख्यासाठी असतं. झोका बसला, हिसका बसला की साठ किलोच्या माणसाचा भार त्या हुकावर कितीतरी पट होतो. आम्ही दोर टांगतो तो लोखंडी तुळईला, आणि खाली जाड गादी. मुली वर्षानुवर्षं सराव करून चढतात, आणि पडल्या तर कसं पडायचं तेही शिकतात. बांधलेल्या माणसाला पडताही येत नाही नीट.

उजेडवाला

लटकवणं आमच्या डोक्यात नव्हतंच, आता कागदावरही लिहून टाकतो. सगळं जमिनीवर. शूट डिसेंबरात, फिजिओताई एक दिवस स्टुडिओत येऊन सराव पाहणार आहेत, त्यांचे आभार. लाईव्ह प्रयोगाचा विचार सध्या बाजूला. श्प्रेकाठची म्हणतात तसं सोडणं दाखवायचं असेल तर फोटोंची एक सलग पट्टी करतोय, शेवटच्या गाठीपासून मोकळ्या हातापर्यंत, एकाच जागेवरून काढलेली. जागा मिळाली तर प्रदर्शन, नाही तर माझ्याच गच्चीवर दोऱ्या ताणून.

इतवारीचा माल, आठ तुकडे लागतील. पैसे आधी द्यायचे का?

इतवारीचा_माल

आधी नको. सकाळच्या वेळी या, दुपारी माल उतरतो तेव्हा बोलायला फुरसत नसते. आणि अंबाडीसाठी भंडाऱ्याकडच्या एका शेतकऱ्याला विचारून ठेवलंय, वळून देतो म्हणाला तर कळवतो. त्याला "बैलासाठी का?" विचारल्यावर काय सांगायचं ते मात्र तुम्ही ठरवा.